शेवटच्या गाडीनंतर

बारामती,
१२ मार्च २०२४

चि. साद यास अनेक आशीर्वाद.

तुला दोनदा फोन लागून कट झाला, तो मीच केला होता. बोलायला लागलो की आवाज बसतो. नोकरीची सगळी वर्षं बारामती एसटी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करत माईकसमोर गेली आणि आता घरात एक वाक्य धड बोलता येत नाही. म्हणून लिहितो. पाकीट इंदापूर गाडीच्या कंडक्टरजवळ देत आहे. तिथल्या चौकशीच्या खिडकीत 'देवकाते कंट्रोलरचं पाकीट' म्हणून विचार. उत्तरही असंच पाठव. एवढी ओळख अजून चालते.

सुयोगच्या दहाव्याला तू कऱ्हेच्या काठी आला होतास. मागे झाडाखाली उभा होतास, तेव्हा पुढे काय झालं ते तुला ऐकू आलं नसेल. पिंड ठेवला पण कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते, खाली मात्र उतरत नव्हते. गेलेल्याचं काही मागे राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, असं आमच्यात धरतात. मग जवळची माणसं एकेक करून पुढे होतात आणि त्याला हवं असेल ते कबूल करतात. पणदऱ्याची माझी थोरली बहीण ठमाआक्का म्हणाली, "तुझ्या बापाला मी उपाशी ठिवणार न्हाय, ये." आक्काचा नातू विशाल म्हणाला, "तुझा लॅपटॉप कुणाला देणार नाही." कावळे हलले नाहीत. ऊन चढलं. आक्का माझ्यावर चिडली. "आरं हिंदुराव, बाप हायस तू. त्याच्या मनात काय हुतं ते तुला ठावं नसंल तर कुणाला असंल?"

मला ठाऊक नव्हतं. पण तोंडून गेलं, "सुयोग, तुझा खेळ मी बाजारात आणतो. परकी माणसं विकत घेऊन खेळतील."

एक कावळा उतरला.

मी फार देवधर्म करणारा नाही. तरीही सगळ्यांसमोर बोललो आहे आणि तो उतरला आहे. वर्षश्राद्धाच्या आत हे व्हायला हवं. कॉम्प्युटरचा खेळ कसा विकतात हे मला माहीत नाही. त्याने मला तो कधी दाखवलाही नाही. तुम्ही दोघांनी मिळून केला एवढंच ऐकून आहे. तुला जमेल का, ते कळव. नसेल जमत तर तसंही कळव.

घरी रसूलभाईंना नमस्कार सांग.

हिंदुराव देवकाते


इंदापूर,
१९ मार्च २०२४

आबांना सादचा सलाम.

पाकीट मिळालं. खिडकीतल्या माणसाने आधी माझं नाव दोनदा विचारलं, मग उठून पाकीट हातात दिलं.

करू आबा. त्यात जमण्या-न जमण्यासारखं काही नाही, वेळ लागेल एवढंच. खेळ जवळजवळ तयार आहे. त्याने नाव 'शेवटची गाडी' ठेवलंय. तुम्हाला माहीत नाही म्हणता, म्हणून सांगतो. एक शाळकरी मुलगा दप्तर घेऊन एसटी स्टँडवर आहे. संध्याकाळ होत चालली आहे. खेळणाऱ्याने त्या मुलाला फिरवायचं. कुणाची छत्री राहिली ती शोधून द्यायची, एखाद्या म्हातारीला मोरगावची गाडी दाखवायची, सुट्टे पैसे करून आणायचे, असं. गाड्या येतात, जातात. मुलाची गाडी येत नाही. शेवटची गाडी निघून जाते, स्टँड रिकामं होतं आणि मुलगा उभा राहतो. पुढे काही नाही. सुयोग म्हणायचा, शेवट केलेला आहे. मला कधी सापडला नाही. मी चित्रं काढणारा, त्याने लिहिलेला कोड मला वाचता येत नाही. मला वाटतं शेवट करायचा राहिला असावा.

एक चित्र त्याने माझ्याकडून तीनचार वेळा बदलून घेतलं होतं. खाकी कपड्यातला माणूस, टोपी डोक्यावर नाही, बगलेत. हातात जेवणाचा डबा. तोंड काढू नको म्हणाला. ते चित्र खेळात कुठेच दिसत नाही. बहुतेक काढून टाकलं.

तुम्हाला का दाखवला नाही, तेही सांगतो. मी त्याला म्हणायचो, आबांना एकदा दाखव. तो म्हणायचा, "फुकट नाही दाखवणार. बाजारात आला की आबा स्वतः विकत घेतील." हसायचा.

आणखी एक. त्या दिवशी तो आमच्याकडूनच निघाला. अम्मी म्हणत होती, थांब, सकाळी जा. तो म्हणाला, आबा वाट बघत बसतात. हे मी तुम्हाला तोंडावर सांगू शकलो नाही.

अब्बांच्या दुकानात सध्या मी रेडियमच कापतोय. कारखान्याच्या वाटेने उसाच्या ट्रॉल्या जातात, त्यांना मागून लाल पट्ट्या लावतो. सुयोग अंधारात ज्या ट्रॉलीवर आदळला, तिला नव्हत्या. ड्रायव्हर म्हणतात, "कितीला?" मी म्हणतो, गप उभा राहा.

तुमचा साद


बारामती,
२४ जून २०२४

चि. साद यास आशीर्वाद.

तू पाठवलेले कागद भरून झाले. खेळ विकायच्या त्या परदेशी ऑनलाइन दुकानात सुयोगचं खातं होतं, ते मेलेल्या माणसाच्या नावावर चालत नाही म्हणतात. त्याच्या जागी माझ्या नावाने काढलं. विशाल मदतीला होता. पॅन कार्ड हातात धरून तोंडाचा फोटो काढायला लावला. विशाल म्हणाला, "आबा, जरा सरळ बघा, मशीन तुम्हाला माणूस धरंना." मग परत काढला.

एका ठिकाणी 'खेळ कोणी तयार केला' असा रकाना होता. विशालने माझं नाव घातलं होतं, खातं माझं म्हणून. ते खोडायला लावलं. तिथे सुयोग हिंदुराव देवकाते आणि साद रसूल बागवान असं घातलं आहे. विक्रेता म्हणून माझं नाव राहू दे.

ठमाआक्का मुक्कामी आहे. तिने विचारलं, "कुठल्या पेठेत मांडणार हायस?" पेठ नाही, घरी बसून घेतात, असं सांगितलं. म्हणाली, "मग लोकांना कळणार कसं, वरडणार कोण?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे असेल तर लिही.

पाऊस बरा आहे. जेवण होतं. झोप नाही.

हिंदुराव देवकाते


इंदापूर,
७ ऑक्टोबर २०२४

आबांना सलाम.

दुकानाच्या तपासणीत खेळ दोनदा परत आला. एकदा चित्रांची मापं चुकली, एकदा इंग्रजी वर्णन अपुरं होतं. ते सबिनाने लिहून दिलं. माझी बहीण आता बी.ए.ला आहे. आता मंजूर झालाय. येत्या शुक्रवारी संध्याकाळी विक्रीला लागेल.

ओरडायचं कोणी, हे आत्याबाईंनी बरोबर विचारलं. त्या दुकानात त्याच दिवशी बाहेरचे इतके नवीन खेळ लागतात की आपला वरून खाली जायला वेळ लागत नाही. मी खेळांबद्दल बोलणाऱ्या बऱ्याच लोकांना लिहिलं. एकाने उत्तर दिलं, बघतो म्हणाला. आम्ही एक छोटी फिल्म करून टाकली आहे. तिच्यात सुयोगचाच आवाज आहे. खेळातल्या सगळ्या घोषणा त्याने स्वतःच्या आवाजात केल्या आहेत, हे मी तुम्हाला सांगितलं होतं का? नसेल तर आता सांगतो, म्हणजे अचानक कानावर पडायला नको.

तुमचा साद


बारामती,
१५ ऑक्टोबर २०२४

चि. साद यास आशीर्वाद.

शुक्रवारी मी खेळ विकत घेतला. विशालने त्याच्या नावाने केलं, पैसे माझे. सुयोगच्या लॅपटॉपवर तो उतरवून ठेवला आहे.

अजून उघडला नाही. ती फिल्म मात्र विशालने मोबाईलवर लावली. "कृपया इकडे लक्ष द्या. इंदापूरकडे जाणारी गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागेल." लहानपणापासून तो माझी नक्कल करायचा. 'थोड्याच' वर मी थांबतो, तसा थांबला आहे. विशालला बंद करायला सांगितलं. तेव्हापासून लॅपटॉप कपाटात आहे.

माझं घेणं कबुलीत धरता येणार नाही. परकी माणसं, असं मी बोललो होतो. कोणी घेतला की कळव. फार नकोत. एक झाला तरी तोंड दाखवायला जागा राहील.

हिंदुराव देवकाते


इंदापूर,
१८ नोव्हेंबर २०२४

आबांना सलाम.

चांगली बातमी आहे. सात जणांनी घेतला. त्यात नागपूरचे एक गृहस्थ आहेत, आपल्या कुणाच्या ओळखीचे नाहीत. त्यांनी खाली अभिप्रायही लिहिलाय. त्यांचं लहानपण स्टँडवर गेलं, खेळताना घरची आठवण आली, करणाऱ्या मुलाला शाबासकी सांगा, असं.

तुम्ही म्हणालात एक झाला तरी चालेल. झाला. आता झोपत जा.

तुमचा साद


बारामती,
२ डिसेंबर २०२४

चि. साद यास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून ठमाआक्काला वाचून दाखवलं. तिने साखर ठेवली देवापुढे. म्हणाली, "नागपूर म्हंजी लांब हाय की. तितवर गेला पोराचा खेळ."

दोन दिवस विचार करून लिहीत आहे. वर्षश्राद्ध जानेवारीत येतं. त्या गृहस्थांना आपण जेवायला बोलवावं असं मनात आहे. ओळख नसताना त्यांनी घेतला आणि शाबासकी दिली, त्यांना पान वाढलं तर मी कबूल केलेलं पुरं झालं असं मला धरता येईल. येण्या-जाण्याचं तिकीट मी काढून देईन. नागपूरहून पुण्यापर्यंत रेल्वे आणि पुढे आपली गाडी. स्वारगेटवर मी स्वतः उभा राहीन. त्यांचं नाव आणि पत्ता कळव. मी स्वतंत्र पत्र लिहितो. करणारा मुलगा आता नाही, हे त्यांना माहीत नसेल. तेही सावकाश सांगावं लागेल.

हिंदुराव देवकाते


बारामती,
२३ डिसेंबर २०२४

चि. साद यास आशीर्वाद.

मागचं पाकीट पोचलं का? खिडकीत चौकशी केली, कुणीतरी नेलं म्हणतात. नागपूरच्या गृहस्थांचा पत्ता आला नाही. त्यांना रजा काढावी लागेल, वेळ कमी आहे. तुझ्या घरी सगळी बरी आहेत ना?

हिंदुराव देवकाते


इंदापूर,
२ जानेवारी २०२५

आबा,

पाकीट मीच नेलं होतं. दुकानात गल्ल्याखाली ठेवलं होतं. रोज काढून वाचायचो आणि परत ठेवायचो.

नागपूरचा कोणी माणूस नाही. तो अभिप्राय मी लिहिला, सबिनाच्या खात्यावरून. सात जणांत मी, सबिना, पुण्यातले मामू, कॉलेजमधली तीन मुलं आणि तुमचा विशाल. परकं कोणी नाही. तुम्हाला झोप नाही असं लिहिलं होतं तुम्ही, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही त्याला जेवायला बोलवाल असं डोक्यात आलं नव्हतं.

खरं ते सगळंच सांगतो. त्यानंतर एक परका आला. कुठल्या देशातला ते कळत नाही, इंग्रजीत लिहितो. त्याने विकत घेतला, खेळला आणि परत केला. त्या दुकानात थोडा वेळ खेळून नको वाटलं तर पैसे परत मिळतात. कारण लिहिलंय: चित्रं छान, पण बस येतच नाही. मग वाट कशाची बघायची?

त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही. मीही तेच म्हणायचो सुयोगला. पुण्यात एक ओळखीचा मुलगा कोडचं काम करतो, त्याला दाखवलं. तो म्हणाला, शेवटी एक गाडी आणू, मुलगा चढेल, गाडी निघेल, दिवे दिसतील, गाणं लावू. दोनतीन दिवसांचं काम आहे. मग अजून एकदा लोकांना लिहिता येईल, की आता शेवट आहे. कदाचित कोणी घेईल. वर्षश्राद्धाच्या आत होणार नाही, पण होईल.

तुम्हाला विचारल्याशिवाय हात लावणार नाही. तुम्ही हो म्हणालात तर गाडी आणतो.

मी बारामतीला येणार होतो, पण आता कुठल्या तोंडाने येऊ.

साद


बारामती,
१९ जानेवारी २०२५

चि. साद यास अनेक आशीर्वाद.

श्राद्ध झालं. तू आला नाहीस, पान वाढून ठेवलं होतं. गच्चीवर कावळ्याचं पान ठेवलं. आक्का म्हणाली, बोल. कबूल करण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नव्हतं. कावळा आला नाही. दुपारी उशिरा आक्काने पान उचलून गाईला घातलं.

तू खोटं लिहिलंस याचा राग नाही. गाडी कुठवर आली आहे ते आम्हालाही बऱ्याचदा ठाऊक नसायचं. तरी खिडकीशी कोणी आलं की आम्ही 'थोड्याच वेळात लागेल' असंच सांगायचो. माणूस आणखी थोडा वेळ बसायचा. तू तेच केलंस. आक्काला मात्र मी सांगितलेलं नाही. तिची साखर अजून देवापुढे आहे.

आता तुझ्या विचारण्याचं उत्तर. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कपाट उघडून लॅपटॉप काढला. परक्या माणसानेही परत केला म्हटल्यावर राखून ठेवण्यात अर्थ नव्हता. विशालने चालू करून दिला आणि कोणती बटणं ते दाखवून कामावर गेला.

स्टँड जुनंच काढलं आहेस. फलाटाचे खांब, पाण्याची टाकी, सगळं जागेवर आहे. त्याच्या आवाजाचा त्रास झाला. मध्येच उठून बाहेर गेलो, परत येऊन बसलो. छत्री सापडली. म्हातारीला मोरगावची गाडी दाखवली. शेवटच्या गाडीची घोषणा झाली, माणसं गेली, दिवे एकाआड एक मालवले. आम्ही तसेच मालवायचो. त्यानंतर मीही त्या मुलाला इकडून तिकडे फिरवत राहिलो, तुम्ही सगळे फिरवत असाल तसाच.

मग माझ्या लक्षात आलं, याला मी फिरवतोय कशासाठी. याला गाडी धरायचीच नाही.

सुयोग तिसरीत असताना त्याची आई गेली. शाळा सुटली की तो घरी न जाता स्टँडवर यायचा. आमचं घर स्टँडच्या मागच्या गल्लीत आहे, तुला माहीत आहे. त्याला कुठल्याही गाडीत बसायचं नसायचं. चौकशीच्या खिडकीशेजारी पार्सलच्या खोलीची पायरी आहे, तिथे दप्तर मांडीवर घेऊन बसायचा. लोकांची बारीकसारीक कामं करायचा. शेवटची गाडी लावून, रजिस्टर मिटवून, खिडकी बंद करून मी बाहेर येईपर्यंत. गर्दीत हरवेल म्हणून त्याला माझी ताकीद होती, की शेवटची गाडी गेली की पायरीवर बसायचं आणि जागचं हलायचं नाही. हललास तर मी शोधू कुठं तुला?

पायरी तू चित्रात काढली आहेस. मुलाला तिथे नेऊन बसवलं आणि बटणांवरून हात काढले.

बराच वेळ काही झालं नाही. तुम्ही कोणी एवढं थांबला नसाल. खेळात माणूस काहीतरी करत राहतो, हात काढून बसत नाही. मग खिडकीतला दिवा गेला. कडी लावल्याचा आवाज आला. बाजूच्या दारातून तू काढलेला माणूस बाहेर आला. टोपी बगलेत. ती माझीच सवय. त्याने हातातला डबा मुलाला दिला. मी रोज द्यायचो, मोकळा डबा वाजवत चालायला त्याला आवडायचं. दोघं पडद्याच्या कडेने मागच्या गल्लीकडे वळले. दिसेनासे झाल्यावरही डबा थोडा वेळ वाजत होता. नंतर तुमची दोघांची नावं आली.

म्हणजे शेवट त्याने केलेला होता. नाव त्याने 'शेवटची गाडी' ठेवलं आणि सगळे गाडीकडेच बघत राहिले. पायरी कुणाला कळावी असं त्याला वाटत होतं की नव्हतं, ते आता विचारता येत नाही.

आबा स्वतः विकत घेतील, असं तो तुला म्हणाला होता. घेतला. उशिरा घेतला.

यानंतर मला बरं वाटेल असं तुला वाटत असेल, म्हणून खरं ते लिहितो. वाटत नाही. रोज सकाळी चहा झाला की लॅपटॉप उघडतो आणि त्याला पायरीवर बसवतो. तो माणूस येतो, दोघं जातात, नावं येतात, आणि मी खोलीत एकटाच असतो. गेल्या जानेवारीत त्या रात्री मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. मीही जागचा हललो नव्हतो.

मी कबूल केलेलं पुरं झालं नाही. परका माणूस आला आणि परत गेला. यापुढे कोणी येईल असं वाटत नाही, आणि आता मी वाट बघणार नाही. खेळ दुकानात ठेवायचा की काढायचा, ते तू ठरव. तुझाही आहे तो. ट्रॉल्यांना पट्ट्या लावतोस ते सोडू नकोस. इकडे यायचं तर ये, तोंडाचा विचार करू नकोस. दार उघडंच असतं.

पुण्याच्या त्या मुलाला मात्र नको म्हणून कळव. गाडी आणू नका. मुलगा पायरीवर बसू दे. माझी ड्युटी सुटली की मी त्याला घ्यायला येतो.

हिंदुराव देवकाते